भिंतीवरचे ओठ

नवऱ्यानं हाताचा पंजा उताणा केला आणि भुवया वर नेल्या. म्हणजे, आता? आता दिसतंय का? ती भिंतीकडे बघत राहिली. गेलं वर्षभर असल्या प्रश्नाला तिच्याकडे एक तयार उत्तर होतं, आणि ते दर वेळी खोटं होतं: दिसतंय की, चांगलं दिसतंय. आजही तेच द्यायला तिनं तोंड उघडलं आणि ती मध्येच अडली, कारण आपण खोटं बोलणार आहोत की खरं, हेच तिला कळेना. भिंतीवर प्रोजेक्टरचा चौकोन पडला होता. त्यात मुलीचा लग्नाआधीचा फोटो होता, गॅलरीच्या कठड्याला टेकून हसतानाचा. फोटोतली मुलगी उकळत्या पाण्याच्या वाफेपलीकडे उभी असल्यासारखी वाटत होती. कठडा आणि हात एकमेकांत मिसळले होते. पण ही वाफ भिंतीवर होती की स्वतःच्या बुबुळामागे? डोळा बिघडलेला, आणि चित्र बिघडलंय की नाही हे त्याच डोळ्यानं सांगायचं. चोराच्या हाती किल्ल्या द्याव्यात तसं हे होतं. "सांग ना," नवऱ्याचे ओठ हलले असावेत. तो तिच्यापासून चार हातांवर उभा होता, आणि एवढ्या अंतरावरून त्याचं तोंड म्हणजे आताशा नाकाखाली कुणीतरी अंगठ्यानं पुसलेली जागा होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. उभा जन्म त्यानं इमारतींच्या काळोख्या विहिरीत लोंबकळून काढला होता आणि त्यातून त्याचं एकच मत बनलं होतं, की दुरुस्त होत नाही असं काही नसतं, फक्त नेमका स्क्रू सापडावा लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही त्यानं तेच विचारलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. एक शिकवणीवर्ग बंद पडला होता, त्यांचा हा जुना प्रोजेक्टर सकाळी तो टॉवेलमध्ये गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा छातीशी धरून घेऊन आला. मग समोरच्या खोलीत उलथापालथ झाली. कपाट आतल्या खोलीत गेलं, भिंतीवरचं घड्याळ आणि फळी उतरली, खिळ्यांची भोकं त्यानं टूथपेस्ट भरून बुजवली, खिडकीवर दोन ब्लँकेटं ठोकली. दुपारीच घरात अंधार. त्याचं म्हणणं साधं होतं. फोनच्या पडद्यावर मुलीचं तोंड नखाएवढं दिसतं, ते तुला वाचता येत नाही. तेच तोंड भिंतीएवढं केलं तर? ह्या 'तर'वर त्याचा इतका भरवसा होता की तिला त्याच्याकडे बघवेना.

कारण आजचं बोलणं नेहमीचं नव्हतं. मूल राहावं म्हणून मुलीची ही तिसरी खेप होती. इंजेक्शनं, तपासण्या, दवाखान्याच्या त्या पायऱ्या, आणि दर वेळी शेवटी जावयाचा एका ओळीचा निरोप. आज रिपोर्ट येणार होता. मुलीनं सकाळीच कळवलं होतं: संध्याकाळी बोलते, लिहून नाही सांगणार, तोंडानंच सांगेन, आणि बाबांनी मध्ये सांगायचं नाही. तिनं तो मजकूर फोनवर मोठा करत करत, एका वेळी चार अक्षरं अशी, मान तिरपी करून वाचला होता. हा नियम तिचा स्वतःचाच. मुलगी शाळेत असताना एका परीक्षेत नापास झाली आणि तसं चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी डब्याखाली ठेवून मैत्रिणीकडे पळाली. तिनं चिठ्ठी तशीच डब्याखाली राहू दिली, मुलीला हाताला धरून परत आणलं, समोर उभं केलं आणि म्हणाली, "मला ऐकू येत नाही म्हणून माझ्या घरात कागदानं बोलायचं नाही. जे काय असेल ते माझ्या तोंडाकडे बघून सांगायचं. मी वाचीन." मुलगी रडत रडत बोलली आणि तिनं शब्द न् शब्द वाचला. रडणाऱ्या तोंडाचं वाचणं सगळ्यांत अवघड, पण तेव्हा तिचे डोळे असे होते की कुणी खाताखाता बोललं तरी सुटायचं नाही. ह्या गोष्टीचा तिला गर्व होता. आता तोच दात ओठाला चावत होता.

पहिल्यांदा गेले ते अनुस्वार. छापखान्यात ती प्रुफं तपासायची. कानाला यंत्रांचा त्रास नाही म्हणून तिला छपाईच्या खोलीलगतचं टेबल दिलं होतं, जिथं दुसरं कुणी बसायला तयार नसे. पायांतून यंत्राची थरथर अंगात चढायची, टेबलावरचा चहा कपात गोल गोल हलायचा, आणि तिची नजर ओळीवरून अशी चालायची जशी मुंगी दोरीवरून. एके सकाळी एका शब्दावरचं टिंब तिला दिसलं नाही. शेजारच्या शब्दाकडे पाहिलं तर हे टिंब होतं. परत इकडे पाहिलं, गेलं. तिला आधी गंमत वाटली. जिकडे बघावं तिकडचं जातं आणि जिकडे बघू नये तिकडचं राहतं, हे काय नवीन. मग वेलांट्या गेल्या, मग शब्दाचं पोट गेलं, नुसती डोकी आणि शेपट्या उरल्या. एका पुस्तकात 'मरण' हवं तिथं 'स्मरण' छापून गेलं आणि मालकांनी हसून सोडून दिलं, तेव्हा तिनं स्वतःच गुडघे दुखतात असं सांगून काम सोडलं. डॉक्टर आपल्या संगणकाकडे तोंड करून बोलले, त्यामुळे त्यांचं काहीच कळलं नाही. बाहेर आल्यावर नवऱ्यानं जिन्यात थांबून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेची नजर राहील. चालता-फिरता येईल, कशाला आपटणार नाहीस. हे सांगताना त्यानं हसायचा प्रयत्न केला होता. आपटणार नाही. म्हणजे दारं, खुर्च्या, माणसांचे खांदे, भांड्यांच्या कडा, सगळं राहील. फक्त ज्याच्याकडे बघीन ते राहणार नाही.

मुलीला यातलं काही सांगितलं नव्हतं. चष्म्याचा नंबर बदललाय, एवढंच. फोनवर ती अंदाजानं बोलायची. मुलीचं तोंड थांबलं की "बरं," खांदे उडाले की "हो का," हात वर गेले की "मग काय तर." एकदा मुलगी चिडली. नवऱ्यानं नंतर सांगितलं ते असं, की ती म्हणाली, आई हल्ली माझं ऐकतच नाही. या वाक्यावर ती दोघं खूप हसली होती. जन्मभर न ऐकणाऱ्या बाईला असं म्हणणारी लेक. हसता हसता नवऱ्याचं हसू आधी संपलं आणि ती एकटीच हसत राहिली, आणि ते तिला उशिरा कळलं.

ती स्वतः नऊ वर्षांची असताना तापानं तिचे कान गेले. तेव्हा तिला वाटलं होतं की घरातल्यांनी मिळून तिची चेष्टा चालवलीय, सगळे नुसते ओठ हलवताहेत. म्हणून तिनं धाकट्या भावाच्या थोबाडीत दिली होती. मग आईनं तिला आरशासमोर बसवलं. दोघींची तोंडं आरशात शेजारी शेजारी, आणि आईचा हात तिच्या गळ्यावर. बाबा, मामा, पापा. ओठांवर तिन्ही एकच. मामा आले म्हणून ती दारात धावायची तर बाबा, आणि बाबांना सांग म्हटलं तर ती मामांना सांगून यायची, आणि घर हसून लोटपोट व्हायचं. हळूहळू ती शिकली की शब्द नुसते ओठांत नसतात. गालात असतात, हनुवटीत असतात, डोळ्यांच्या कोपऱ्यात असतात. छापखान्याची लिफ्ट बंद पडली तेव्हा एक मिशाळ तरुण दुरुस्तीला आला आणि रोज काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाशी येऊन बोलायला लागला. तिला एक अक्षर कळायचं नाही. शेवटी ती म्हणाली, "मिशी काढा, मग बोलू." दुसऱ्या दिवशी तो आला तर वरचा ओठ पांढराफटक, नागडा, बिचारा. त्यावर तिनं पहिला शब्द वाचला तो 'आता?' हाच होता. त्यानं मिशी पुन्हा कधी ठेवली नाही.

"आता?" त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी तो जवळ येऊन वाकला होता आणि तिनं नजर त्याच्या कानाकडे वळवली, तसं तोंड कडेनं दिसायला लागलं. हा नवा चोरटा मार्ग. कानाकडे बघायचं म्हणजे ओठ दिसतात.

"नाही," ती म्हणाली. "धूसर आहे."

"मला तर व्यवस्थित दिसतंय."

"मला नाही दिसत."

त्यानं भिंगाची कडी फिरवली. चित्र फुगलं, विरघळलं, पुन्हा जमलं. "आता?" नाही. त्यानं प्रोजेक्टर पुस्तकांच्या चळतीवर चढवला, मग पुस्तकं काढली, मग टेबलच मागे ओढलं. "आता?" नाही. पांढरी चादर आणून भिंतीवर ताणली, ती झोळासारखी लोंबली, मुलीचा गाल सुरकुतला, चादर काढली. नाही. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. खोलीत ब्लँकेटांचा आणि तापलेल्या धुळीचा वास भरला होता. तिला वाटलं 'हो' म्हणून टाकावं. त्याच्यासाठी. एवढा धडपडतोय. पण संध्याकाळी मुलगी बोलेल तेव्हा या 'हो'चं काय करायचं? ती म्हणाली, "अहो, अजून नाही," आणि तिला कळलं की आपला आवाज चढलाय, कारण त्यानं हात खाली दाबून दाखवला, हळू, हळू. त्या खुणेचा तिला आज संताप आला. "मी ओरडत नाहीये," ती म्हणाली, बहुधा ओरडूनच.

तो तिच्या तोंडासमोर आला, अगदी जवळ, आणि जे बोलला ते तिनं नको असतानाही वाचलं. "मी कितीही फिरवलं तरी तुला धूसरच दिसणार. तुला कधी स्पष्ट दिसणारच नाही, मग मी हे कशाला करतोय?" बोलून झाल्यावर त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तो वळून आत गेला. जमिनीतून तिला त्याची पावलं कळली, कळशी ठेवल्याचा धक्का कळला, आणि मग काही नाही. तो आत उभा असावा. लिफ्टच्या विहिरीत अडकलेला माणूस हाका मारायचं थांबवतो तसा.

ती खुर्चीत बसून राहिली. तिला रडू आलं नाही. तिच्यात एक कोरडी, बारीक भीती होती, पायाखालची फरशी हलल्यासारखी. बघायला काहीच नको म्हणून तिनं नजर चित्रावरून काढून शेजारच्या स्विचच्या पाटीवर ठेवली. पाटी अर्थातच नाहीशी झाली. आणि कडेला, जिथं तिची चांगली नजर उरली होती, तिथं मुलीचा फोटो आला. तिथंही तो धूसर होता. ती दचकली. आता तिनं फोटोतल्या कठड्याकडे बघितलं, म्हणजे पाटी कडेला आली. पाटीच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या धारदार होत्या, स्विचची चारही बोंडं सुटी, स्क्रूची खाचसुद्धा. पुन्हा पाटीकडे बघून फोटो कडेला: वाफ. पुन्हा उलट: धार. प्रुफं तपासताना संशय आला की ती ओळ शेवटाकडून वाचायची, तसं तिनं हे परत परत केलं. एकाच डोळ्यानं, एकाच जागेवरून, पाटी नीट दिसते आणि चित्र दिसत नाही. म्हणजे वाफ तिकडे आहे.

ती उठून आत गेली. तो ओट्याला टेकून उभा होता. तिनं त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "ते धूसर आहे. खरंच धूसर आहे हो. माझ्यात नाही, भिंतीवर आहे." असं सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला असावा, की तो घाबरून तिच्याकडे बघत राहिला. एखाद्या बाईला जगात काहीतरी बिघडलंय म्हणून एवढा आनंद व्हावा. पण तिला किती दिवसांनी कळलं होतं की काहीतरी आपल्याबाहेर बिघडू शकतं. तो बाहेर आला, भिंतीला नाक लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, पुसून बघितलं. मग वळला आणि मान हलवली. तू म्हणतेस ते बरोबर आहे. प्रत्येक रेघेला दुसरी रेघ चिकटलीय.

मग ते दोघं जमिनीवर बसले. त्यानं खिशातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. ती टॉर्च धरून होती. भिंगाची नळी बाहेर आली आणि त्यानं ती उजेडात फिरवली तेव्हा आतल्या काचेवर ओल धरून पांढुरका थर जमलेला कडेच्या नजरेनं तिलाही दिसला, शिळ्या सायीसारखा. वर्ग बंद पडल्यावर कुठल्यातरी दमट माळ्यावर पडून राहिला असणार. त्यानं जुन्या मऊ बनियनचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून करंगळीला गुंडाळला आणि काच पुसायला लागला, गोल गोल, श्वास रोखून. त्याची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. "मघाशी बोललो ते," तो मध्येच थांबून म्हणाला.

"मला नीट वाचता आलं नाही," ती म्हणाली.

तो पुन्हा पुसायला लागला.

चित्र लागलं आणि कडेनं बघताना तिच्या तोंडून श्वास सुटला. गॅलरीचा कठडा, त्याच्यावरचा गंज, मुलीच्या कानातला खडा, वाऱ्यानं उडालेला एकेक केस. भिंतीवरची टूथपेस्टची ठिगळंसुद्धा चित्रातून दिसत होती. तिनं हळूहळू नजर सरकवून मुलीच्या तोंडावर आणली, पाण्यात पाय घालावा तशी. आणि तोंड गेलं. कान होता, खडा होता, कपाळाची कड होती, गळ्याचा खड्डा होता, मध्ये करड्या रंगाचं मऊ काहीतरी होतं, ज्याला काठ नव्हता. नवरा वाट बघत होता. पंजा उताणा.

"आता दिसतंय," ती म्हणाली. "अजून मोठं करता येईल?"

त्यानं टेबल पार मागच्या भिंतीला लावलं, चित्र वाढत वाढत छतापर्यंत गेलं. आता ते करडं तोंडाला पुरं झाकत नव्हतं. खालच्या ओठाचा एक कोपरा, हनुवटीची सुरुवात कडेला राहत होती. मुलीचं तोंड आणखी मोठं असतं तर. तिनं तसं म्हटलं. त्याचे डोळे चमकले. त्यानं लगेच जावयाला फोन लावला, आणि काय सांगितलं ते तिलाही खुणा करून समजावलं: कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बसायचं, चेहरा पूर्ण पडद्यात, आणि डोकं अजिबात हलवायचं नाही, हललं की चित्र फरफटतं. फोटो काढायला बसतात तसं ताठ. मग त्यानं तिची खुर्ची झोताच्या बाहेर सरकवली आणि लॅपटॉप तिच्यासमोर, झोताच्या कडेला स्टुलावर ठेवला, त्याच्या मागे भिंत. लॅपटॉपवरच्या बारक्या भोकातून मुलीला ती दिसणार, आणि भिंतीवर तिला मुलगी. वायर त्यानं दोनदा खोचून बघितली. तिनं केस विंचरले. ब्लँकेटाच्या कडेनं येणारा उजेड पिवळा झाला होता.

मुलगी आली तेव्हा भिंत नुसती कातडीच्या रंगानं भरली. एवढं मोठं माणसाचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं, स्वतःच्या आईचंसुद्धा नाही, आरशातही नाही. नाकपुडीची कड एखाद्या कमानीसारखी. मुलगी बोलायला लागली. तिनं नजर भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात रोवली आणि मनाला बजावलं, तिकडे बघू नकोस, काही झालं तरी तिकडे बघू नकोस. कडेला ओठ मिटले, उघडले. 'आई' तिनं ओळखलं. ते सगळ्यांत सोपं, तोंड नुसतं मोकळं होतं. मग काहीतरी दवाखान्याचं. मग ओठ दातांना टेकले, 'वे', आणि तिनं वाचलं: या वेळी. तिनं ते मनात परत म्हणून पाहिलं. या वेळी. मग ओठ पसरले, जीभ क्षणभर दिसली. राहिलं. या वेळी राहिलं. तोंड अजून थोडं उघडंच होतं आणि आत काहीतरी हललं, पण ओठ मिटले नाहीत, की दात लागले नाहीत, आणि मग सगळं स्तब्ध झालं. या वेळी राहिलं, आई.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या छातीत घुमला, म्हणजे तो मोठा असणार, असू दे. "मी यांना म्हटलं होतं, या वेळी होणार म्हणून. अगं, किती वाट बघायला लावली त्यानं. आता काही उचलायचं नाही, कळलं का? बादलीसुद्धा नाही. जिने नाहीत. जावईबापूंना म्हणावं, आता तुमची पाळी आहे राबायची." भिंतीवर मुलीचं तोंड ताणलं गेलं, ओठ मागे गेले, दात दिसले, वरचे सगळे, हिरडीपर्यंत. मुलगी हसतेय, तिला वाटलं, किती हसतेय. तिनं हात जोडले, सोडले, स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. "तुझ्या वेळी मला पहिले तीन महिने छापखान्याचा शाईचा वास सहन व्हायचा नाही. तुला काय होतंय? मळमळतं? सांग की." भिंतीच्या कडेनं, जिथं तिची नजर पक्की होती, एक हात चित्रात आला. जावयाचा. त्यानं मुलीचा खांदा धरला. ज्या पद्धतीनं धरला ते तिला खटकलं. आनंदात माणूस असा खांदा धरत नाही. पडणाऱ्या माणसाचा धरतात. आणि मुलीची मान, फोटोला बसल्यासारखी ताठ असलेली मान, गळ्याच्या शिरा फुगवून आपल्या जागी थांबण्याची धडपड करत होती. सांगितल्याप्रमाणे. डोकं अजिबात हलवायचं नाही.

तेव्हा तिला आठवलं, जे तिला कधी विसरता येणं शक्य नव्हतं. आईनं आरशासमोर सगळे शब्द शिकवले होते, पण एक शब्द कधी शिकवावा लागला नव्हता. 'नाही' ओठांवर दिसतच नाही. तो तोंडाच्या आत, जिभेच्या मागे म्हटला जातो, ओठांना कळवतसुद्धा नाही. तो वाचायचा असतो मानेवरून, भुवयांवरून, खांद्यांवरून. म्हणून बहिऱ्या माणसाला 'नाही' लांबूनही दिसतो आणि कधी चुकत नाही. आणि या मानेला आज हलायची मनाई होती. ती हळूच वळली. नवरा तिच्या शेजारी उभा होता. त्याचं तोंड तिला दिसलं नाही. त्यानं तिचा हात घेतला, आपल्या गालावर ठेवला, गाल ओला होता, आणि त्यानं मान हलवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. हात त्याच्याबरोबर हलला.

आपण काय काय बोललो ते एकेक करून परत येत होतं, बादली, जिने, शाईचा वास, मळमळतं का. ते शब्द आता तिकडच्या खोलीत होते, मुलीच्या कानात गेलेले, आणि ते तपासून, लाल शाईनं कापून परत मागवता येत नव्हते. तिला वाटलं, आपल्याला कुठल्यातरी विहिरीत उतरवून वरून झाकण लावावं. तिला वाटलं, मुलीनं रागावून फोन बंद करावा. मुलीनं बंद केला नाही. भिंतीवरचं तोंड तिथंच होतं, प्रचंड, आणि आता ते हलायला लागलं होतं, मान सुटली होती, चित्र फरफटत होतं, रंगांचे पट्टे होऊन. नवऱ्याचा हात यंत्राच्या कडीकडे गेला. सवयीनं. तिनं तो हात धरून खाली ठेवला.

मग ती खुर्चीवरून उठली, लॅपटॉपसमोर जमिनीवर बसली, आणि त्या बारक्या भोकाच्या इतक्या जवळ गेली की तिकडे मुलीच्या पडद्यावर दुसरं काही उरलं नसेल. प्रोजेक्टरचा झोत आता तिच्या डोक्यावर पडत होता. समोरच्या भिंतीवर तिची सावली मुलीच्या चेहऱ्यात उभी राहिली आणि उरलंसुरलं तोंडही गेलं. तिला एका परीनं बरं वाटलं. बघायचं काही राहिलं नाही.

"मला दिसत नाही, बाळा," ती म्हणाली. "वर्ष झालं. तुझं तोंड मला दिसत नाही. मी तुला दर वेळी अंदाजानं उत्तरं दिली. आता दिलं तेही अंदाजानंच." तिनं श्वास घेतला. अजून बोलत राहावंसं वाटत होतं, कारण आपण थांबलो की मुलीची पाळी येणार, आणि मुलीच्या पाळीत आपल्यासाठी काहीच नसणार, नुसता अंधार आणि शांतता, दोन्ही एकदम. पुढे आयुष्यभर बहुतेक असंच असणार होतं. तरी ती थांबली. "तू बोल," ती म्हणाली. "मला कळणार नाही. तरी बोल. तुला मी दिसतेय ना?"

झोताचा उजेड तिच्या खांद्यावरून सांडून तिच्या हातांवर येत होता आणि तो थरथरायला लागला, उजळ, मंद, पुन्हा उजळ. म्हणजे मुलगी बोलत होती. ती भोकाकडे बघत राहिली, डोळे न हलवता, चेहरा समोर धरून. नवरा शेजारी येऊन बसला. थोड्या वेळानं त्यानं तिच्या खांद्याला दोन बोटं टेकवली, काही सांगायचं असलं की टेकवायचा तशी, बहुधा मुलगी काय म्हणतेय ते सांगायला. तिनं मान हलवली. नको. मध्ये थांबवू नका. तिचं होऊ दे.